चित्रातला '४७' म्हणजे साल नव्हे

देवगड तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं कमी करून देतो.

"माझ्या आजोबांचे थोरले भाऊ दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते. घरात सगळे त्यांना भाई म्हणत. मे महिन्यात घराची कौलं उतरवली, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत त्यांचे तीन फोटो सापडले. पहिल्यात भाई अर्ध्या चड्डीत, प्रॉपेलरच्या पात्यावर हात ठेवून उभे आहेत. दुसऱ्यात ते आणि आणखी चौघं विमानाच्या पंखावर बसलेत. मागे गोल चकती दिसते, आणि शेवटच्या माणसाच्या डोक्यामागून शेपटीकडे '४७' असा आकडा. त्याच्या आधीचं काही दिसत नाही. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने 'सिलचर, चैत्र' लिहिलंय. तिसरा स्टुडिओतला, त्यात बाहीवर प्रॉपेलरसारखं चिन्ह आहे. लहानपणापासून ऐकत आलोय की भाई स्पिटफायर हे लढाऊ विमान चालवायचे. आमच्या हायस्कूलची स्मरणिका निघतेय, तीत मी त्यांच्यावर लिहिणार आहे. भाईंचे चिरंजीव, म्हणजे माझे काका म्हणतात, '४७ म्हणजे स्वातंत्र्याचं साल. स्पिटफायरचे वैमानिक असं लिही आणि मोकळी हो, उगाच खोदकाम नको.' मजकूर गणपतीआधी छापायला जाणार. विमान खरंच कोणतं, हे कसं ठरवू? आणि काकांना न दुखवता काय लिहू?"

ताई, तुम्ही पत्रासोबत फोटोंच्या प्रतीही पाठवल्यात हे फार बरं केलंत, आणि पाठींच्याही पाठवल्यात हे त्याहून बरं. मी स्वतः हवाई दलात तांत्रिक शाखेत नोकरी केली. लोक असे फोटो मला दाखवतात, पण पाठ दाखवायचं दहातले नऊ जण विसरतात. तुमच्या तिन्ही फोटोंत सगळ्यात मोलाचं काय असेल, तर ते पेन्सिलीने लिहिलेले दोन शब्द. त्यांच्याकडे येतोच. आधी विमान बघू.

तुमच्या घरातल्या विमानाचं नाव स्पिटफायर नाही. हे मी अंदाजाने सांगत नाही. पहिल्या फोटोत भाईंच्या हाताखालचं पातं सोडा आणि त्यामागे बघा. विमानाचं तोंड जात्यासारखं गोल आणि उघडं आहे, आत सिलिंडरांचं कडं दिसतं. असं इंजिन हवेने गार होतं, सिलिंडर गोलाकार मांडलेले असतात. स्पिटफायरमध्ये आणि हरिकेन या तेव्हाच्या दुसऱ्या लढाऊ विमानात मर्लिन नावाचं इंजिन होतं. त्यात बारा सिलिंडर सहा-सहाच्या दोन ओळींत, आणि ते पाण्याने गार व्हायचं. म्हणून त्या दोघांचं नाक लांब, निमुळतं, बंद. उघडं गोल तोंड दिसलं की दोन्ही नावं तिथेच बाद होतात.

मग गोल तोंडाची विमानं त्या काळात हिंदुस्थानात कोणकोणती होती? लायसँडर या विमानाचे पंख डोक्यावर असतात, त्यांवर असं पाय सोडून बसता येत नाही. डकोटा या मालवाहू विमानाला दोन इंजिनं. हार्वर्ड हे शिकाऊ वैमानिकांचं विमान, त्याला प्रॉपेलरची दोनच पाती. तुमच्या फोटोत तीन आहेत, भाईंचा हात एकावर आणि खाली दोन, मोजून बघा. आणि काकांचं ४७ साल धरलं, तर तेव्हा आपल्या हवाई दलात गोल तोंडाचं लढाऊ विमान होतं टेंपेस्ट, आणि त्याला चार पाती.

आता दुसरा फोटो. ज्या पंखावर हे पाचजण बसलेत त्याची पुढची कड सरळ नाही. अंगापासून निघताना ती मागे जाते आणि मध्येच मोडल्यासारखी सरळ होते. वरून पाहिलं तर हे विमान इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखं दिसायचं. वैमानिकाच्या मागे दुसऱ्या माणसाची बैठक आणि दोघांवर मिळून लांब काचेचं छत. आणि भाईंच्या पायाशी शिडीसारखी जी जाळी उभी दिसते, तिला तुम्ही 'विमानाचा तुटलेला भाग' म्हटलंय. ते तुटलेलं काही नाही, ते ब्रेक आहेत. हे विमान बॉम्ब टाकायला जवळजवळ सरळ खाली सूर मारायचं. त्या वेळी वेग हाताबाहेर जाऊ नये म्हणून पंखाच्या वर आणि खाली अशा जाळ्या उघडायच्या. तीन पाती, गोल तोंड, दोन माणसं, मोडका पंख आणि जाळी: व्हल्टी व्हेंजन्स. अमेरिकन बनावटीचं सूरमारी बॉम्बफेकी विमान. हिंदी हवाई दलाच्या ७ आणि ८ नंबरच्या स्क्वाड्रन, म्हणजे विमानांच्या तुकड्या, डिसेंबर १९४२ मध्ये उभ्या राहिल्या त्या याच विमानावर. ७ नंबरची विशाखापट्टणमला, ८ नंबरची त्रिचनापल्लीला.

'४७' बद्दल. त्या काळच्या विमानांवर शेपटीजवळ ओळख-क्रमांक असायचा, दोन इंग्रजी अक्षरं आणि तीन आकडे. विमानाच्या अंगावर साल लिहायची पद्धतच नव्हती. तुमच्या फोटोत दोन अक्षरं आणि एक आकडा त्या माणसाच्या डोक्यामागे गेलाय, शेवटचे दोन आकडे तेवढे उरलेत. वडीलमाणसांनी त्यात स्वातंत्र्याचं साल वाचलं, हे मी समजू शकतो. ४७ दिसल्यावर आपल्यापैकी कोणाला दुसरं काही सुचेल?

चकतीही हेच सांगते. इंग्रजी विमानांवर ओळखीसाठी रंगवलेली चकती मुळात लाल, पांढरी, निळी, आणि मध्यभागी लाल ठिपका. पण जपानी विमानांवर लाल गोळा असायचा, आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर खालून तोफा डागणारा माणूस लाल दिसला की डागायचा. म्हणून या भागातल्या विमानांवरून लाल रंग काढूनच टाकला. पुढे गडद निळ्या कड्यात फिकट निळा ठिपका अशी चकती आली. तुमच्या फोटोत मध्यभाग फिकट आहे. काळ्या-पांढऱ्या फोटोतल्या रंगांवर एरवी मी विश्वास ठेवत नाही, कारण जुन्या एका जातीच्या फिल्मवर लाल जवळजवळ काळा उमटायचा आणि निळा पांढुरका. पण इथे दोन्ही वाटांनी उत्तर एकच येतं: मध्यभाग फिकट, म्हणजे तिथे लाल नाही. शिवाय १९४८ पासून आपल्या विमानांवर अशोकचक्र आलं आणि १९५० पासून तिरंगी चकती. तुमच्या फोटोत दोन्ही नाहीत.

आता ते दोन शब्द. सिलचर आसामात, कछार जिल्ह्यात. मार्च १९४४ मध्ये जपानी फौजा इंफाळवर चालून आल्या, तेव्हा ७ नंबरची स्क्वाड्रन व्हेंजन्स घेऊन सिलचरजवळच्या उधारबंदच्या धावपट्टीवर आली. आपल्या पंचांगात गुढीपाडवा मार्च-एप्रिलमध्ये पडतो, त्या वर्षी तो मार्चच्या अखेरीस पडला, म्हणजे चैत्र आला मार्चअखेर ते एप्रिल. आदल्या वर्षीच्या चैत्रात ही स्क्वाड्रन तिथे नव्हती आणि पुढच्या वर्षीच्या चैत्रापर्यंत हिंदी स्क्वाड्रनांनी व्हेंजन्स सोडलेलं होतं. तेव्हा हा चैत्र बहुधा १९४४ चा. घरापासून एवढं दूर असलेल्या कोकणातल्या पोराने महिना लिहिताना चैत्र लिहिला, एप्रिल लिहिला नाही, म्हणून आज आपण इथवर पोचलो. मला ते वाचून भरून आलं.

'बहुधा' हा शब्द मी मुद्दाम ठेवलाय. इंग्रजांच्या स्वतःच्या हवाई दलाच्या स्क्वाड्रनही त्या भागात व्हेंजन्स उडवत होत्या, तेव्हा ७ नंबर हे अजून सिद्ध झालेलं नाही. विमानाची जात पक्की, जागा पक्की, साल जवळजवळ पक्कं, स्क्वाड्रन शक्यतेतली. लिहिताना या चार गोष्टींची सरमिसळ करू नका.

राहिला तिसरा फोटो, आणि काकांच्या दृष्टीने तोच अवघड. बाहीवरचं आडव्या दोन पात्यांचं चिन्ह वैमानिकाचं नसतं. ते लीडिंग एअरक्राफ्ट्समन या हुद्द्याचं. वैमानिकाचे पंख छातीवर असतात, डाव्या खिशाच्या वर, दोन्ही बाजूंना पसरलेले. मागच्या बैठकीवरच्या तोफचीला किंवा दिशादर्शकाला एकच पंख. तुमच्या प्रतीत नेमकं त्या खिशावर बुरशीचा पांढरा डाग आहे, म्हणून शेवटचा शब्द मी देत नाही. पण बाहीवरचं चिन्ह, अर्धी चड्डी, प्रॉपेलरवर ठेवलेला हात आणि ज्या सहजपणे हे पाचजण पंखावर बसलेत, ते पाहून मला वाटतं भाई जमिनीवरच्या पथकात होते. फिटर म्हणजे इंजिन बघणारा, रिगर म्हणजे विमानाचा सांगाडा बघणारा, किंवा आर्मरर म्हणजे बॉम्ब-बंदुका बघणारा. हवाई दलाच्या सुरुवातीच्या काळात अशा माणसांना हवाई सिपाही म्हणत.

म्हणून काय बिघडलं, असं तुम्ही काकांना म्हणू नका. त्यांचं बिघडतं. लहानपणापासून ज्या बापाला त्यांनी आभाळात पाहिलं, त्याला खाली उतरवायला आपण सांगतोय. माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. तरुणपणी मिग-२१ शेजारी उभा राहून मी एक फोटो काढून घेतला आणि घरी पाठवला. आईने तो ओटीवर लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, हा आमचा, हे विमान चालवतो. सुट्टीत आलो की मी ते ऐकायचो आणि गप्प बसायचो, कारण तिचा चेहरा फुलायचा. आई गेली. गावात अजून काही जण मला पायलट म्हणतात आणि प्रत्येक वेळी मला बोचतं. मी आयुष्यभर जे काम केलं, ते माझ्या आईला कधी कळलंच नाही. ते मी तिला सांगायला हवं होतं.

भाईंनी स्वतः 'मी चालवायचो' असं म्हटलं होतं का, हे काकांना जरूर विचारा. माझा अंदाज आहे की म्हटलं नसेल. फोटो बोटीने गावी आला असेल, आणि पुढचं घराने रचलं असेल. यात खोटं कोणी बोललेलं नसतं.

आणि त्या पथकाचं काम काय होतं, हेही काकांपुढे ठेवा. व्हेंजन्सच्या पोटात ५०० पौंडांचे दोन बॉम्ब जायचे आणि पंखाखाली २५० पौंडांचे दोन. ५०० पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोंच्या वर. एका विमानाला असे लहानमोठे चार बॉम्ब, आणि इंफाळचा वेढा चालू असताना विमानं दिवसभर ये-जा करत. ते बॉम्ब गाडीवरून ढकलत आणायचे, वर चढवायचे, त्यांत फ्यूज बसवायचे, आणि मग विमान परत येईपर्यंत धावपट्टीच्या कडेला उभं राहून मोजायचं, गेली किती आणि आली किती. इंजिन उघड्यावर दुरुस्त करायचं. कछारचा पाऊस आपल्या कोकणासारखाच, आणि डोक्यावर मांगर नाही, ताडपत्री. १९७१ च्या युद्धात आपल्या हवाई दलाचे प्रमुख असलेले प्रताप चंद्र लाल त्या काळात ७ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये व्हेंजन्सवर होते. भाई त्याच पथकात होते असं निघालं, तर त्यांनी तयार केलेल्या विमानात कोण बसत होतं, हे काकांना कळू दे.

पण ओटीवर चार माणसांत हा विषय काढू नका. काका एकटे असताना तिन्ही फोटो घेऊन बसा. आधी विमानाचं नाव सांगा, मग सिलचर, मग चैत्र. बाहीचं शेवटी. आणि एक गोष्ट त्यांच्याकडे मागा, कारण ती त्यांच्याशिवाय होणार नाही. भाईंचा नंबर. हवाई दलातल्या माणसाची सगळी कुंडली त्याच्या सर्व्हिस नंबरावर उघडते. पेन्शनचं पुस्तक, नोकरी सुटल्याचा दाखला, जुन्या मनीऑर्डरींच्या पावत्या, कुठेतरी तो असेल. पदकं असली तर त्यांची कड बघा. हिंदी फौजांना दिलेल्या त्या युद्धातल्या पदकांच्या कडेवर किंवा पाठीवर अनेकदा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. सहा टोकांचा तारा असेल आणि त्यावर इंग्रजीत बर्मा स्टार लिहिलेलं असेल, तर आघाडीची गोष्टही पक्की झाली. पदक ब्रासोने घासू नका, कोरलेली अक्षरं झिजतात. नंबर मिळाला की काकांच्या सहीने, मुलगा या नात्याने, नवी दिल्लीत सुब्रोतो पार्कला असलेल्या एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करा. अर्ज कसा लिहायचा, कोणते कागद जोडायचे, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. उत्तर गणपतीआधी येणार नाही, तेव्हा स्मरणिका त्यासाठी अडवून ठेवू नका.

फोटोंबद्दल थोडं. पावसाळा आहे, तेव्हा हे आधी करा. बुरशीवर ओलं फडकं लावू नका, डागाबरोबर भाईंचा खिसाही निघून येईल. फोटो घरातल्या कोरड्या खोलीत, उन्हात नाही, पाठीवर दोन दिवस मोकळे ठेवा. मग मऊ कोरड्या ब्रशने अगदी हलकं झटका, तेही फोटोचा थर घट्ट असेल तरच. चिकट पानांच्या आल्बममध्ये घालू नका. साध्या पांढऱ्या कागदाच्या पाकिटांत, हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि डबा माळ्यावर नको. तालुक्याला स्कॅनर असेल तर दोन्ही बाजू ६०० डीपीआयवर करून घ्या. नसेल तर पडवीत सकाळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल वरून सरळ धरून काढा.

आणि कळकळीने सांगतो, जुने फोटो 'स्वच्छ' करून देणारी जी ॲप निघालीत त्यांत हे फोटो घालून त्यावरून काही ठरवू नका. जे दिसत नाही ते ही ॲप स्वतःच्या मनाने भरतात. झाकलेल्या जागी अक्षरं येतात, पंखावरची जाळी गुळगुळीत होते, छातीवर पंखही उगवू शकतात. तुमच्यासारख्या एका वाचकांनी मला असा साफ केलेला फोटो पाठवला होता. त्यात विमानाला मूळ फोटोत नसलेलं चाक होतं. स्मरणिकेत डागासकट मूळ फोटो छापा.

आता मजकूर. 'स्पिटफायरचे वैमानिक' हे लिहू नका. 'वैमानिक नव्हते' हेही लिहू नका, ते अजून ठरलेलं नाही आणि लिहायची गरजही नाही. 'दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते, १९४४ च्या सुमारास आसामच्या आघाडीवर व्हेंजन्स विमानांसोबत होते' एवढं आज तुम्ही कोणाच्याही पुढे ठामपणे म्हणू शकता. छापलेलं वाक्य घरातल्या आठवणीपेक्षा जास्त टिकतं. तुमच्या गावातला एखादा मुलगा वीस वर्षांनी त्याच स्मरणिकेवरून पुढे लिहील, म्हणून मी एवढा हट्ट धरतोय.

दुसऱ्या फोटोखाली असं द्या: 'भाई, डावीकडून तिसरे, सहकाऱ्यांसोबत व्हेंजन्स विमानाच्या पंखावर. सिलचर, चैत्र, बहुधा १९४४. इतर चौघांची नावं कोणाला माहीत असल्यास कळवावीत.' हे शेवटचं वाक्य गाळू नका. चतुर्थीला चाकरमानी गावी येतात, स्मरणिका त्यांच्याबरोबर मुंबईला जाईल, मालवण-वेंगुर्ल्याकडेही जाईल. त्या चौघांतला एखादा आपल्याकडचा असू शकतो, आणि त्याच्या घरच्या पेटीतल्या फोटोत तो '४७' कदाचित पूर्ण दिसत असेल.